बालेरेचा वाटा

डोळे उघडले तेव्हा बशी रिकामी होती.

बाराची घंटा झाली की मी डोळे मिटते. चर्चमध्ये असेन, मासळीबाजारात असेन, नाहीतर इथं पान्चिकाच्या बारमध्ये काउंटरच्या कोपऱ्याशी असेन, घंटा कानावर आली की आहे तिथं मान खाली घालायची आणि मरियेची प्रार्थना मनातल्या मनात म्हणायची, हा माझा लहानपणापासूनचा नेम. प्रार्थना काही मोठी नाही. पण बारमध्ये ती म्हणताना कान उघडे राहतात. ग्लास आपटल्याचे, ऑम्लेट कापणाऱ्या सुरीचे, कुणाच्या तरी शिव्यांचे आवाज त्या शब्दांमधून आत येत राहतात, आणि मी त्यांना येऊ देते, कारण देवालाही ते ऐकू येतच असणार. आजही तसंच झालं. मिटण्याआधी मी पाहिलं होतं की माझ्या बशीशेजारच्या दुसऱ्या बशीत हिल्दा आहे. हिरवं ऑलिव्ह, लोणच्यातल्या कोवळ्या मिरच्या, त्यांना वळसा घातलेली खारवलेली मासळी, सगळं एका काडीला टोचलेलं, तेलानं चकाकणारं. उघडल्यावर पाहते तर नुसती काडी. तीही पडलेली नव्हती. मधोमध मोडून, पण तुटू न देता, बशीत उभी केलेली होती. घराच्या छपरासारखी.

माझा भाऊ बालेरे काडी अशी मोडायचा.

मी हाताशी असलेली चाकोली, आमच्याकडची आंबट पांढरी वाइन, एका घोटात संपवली. तशी मी पीत नाही, ओठ ओले करते फक्त. पान्चिका दुसऱ्या टोकाला कुणाला तरी कोळंबी देत होती. माझ्या आजूबाजूला पाठी होत्या, ओल्या कोटांच्या पाठी, भुरभुर पावसातून आलेल्या. दार नुकतंच कुणीतरी लोटलं असावं, कारण ते अजून हलत होतं. मी काही विचारलं नाही. विचारायचं म्हणजे आवाज चढवावा लागला असता, आणि ही गोष्ट मोठ्या आवाजात विचारण्यासारखी नव्हती. काडी मात्र उचलली, अगदी बेतानं, आणि कोटाच्या खिशात ठेवली. मग बाहेर पडले.

त्या बशीत बालेरेचा वाटा असतो. रोज असतो. सकाळच्या मिस्सानंतर मी काही खात नाही, दुपारी इथं येते, दोन मागवते, एक त्याच्यापुढं ठेवते आणि मग माझी खाते. त्याच्यापुढं म्हणजे काउंटरच्या या कोपऱ्यात, जिथं लाकूड कोपरं टेकून टेकून खोलगट झालंय आणि जिथं त्याचा कंपू उभा राहायचा. कंपूतल्या बहुतेकांना मी पुरलेलं पाहिलंय. पान्चिकाच्या आईच्या, लुशियाच्या वेळेपासून हे चाललंय, आणि लुशियानं जाताना लेकीला बारच्या किल्ल्यांबरोबर हेही सोपवलं असावं, कारण पान्चिकानं मला एकदाही विचारलं नाही. बाहेरचा कुणी त्या बशीकडे हात नेऊ लागला तर ती म्हणते, ती सुटी नाही हं, तिचा धनी यायचाय. लोकांना वाटतं, गेलाय कुठंतरी कोपऱ्यावर, येईल. संध्याकाळी त्या घासाचं काय होतं ते मी कधी विचारलं नाही. काही गोष्टी माहीत नसल्या म्हणजे रोज करता येतात.

याचं मूळही लुशियाच. बालेरे कॉड मासे धरणाऱ्या बोटीवर शेवटचा गेला त्या दिवशी दुपारी कंपूबरोबर इथं आला होता, हसला, प्याला, आणि लुशियानं नंतर आईला सांगितलं की सगळ्यांनी आपापलं खाल्लं, पण तुझ्या पोराची हिल्दा बशीत तशीच राहिली बघ, हातही नाही लावला. बोट महासागरापलीकडच्या तेरानोवाच्या बंदराहून परत आली ती त्याला न घेताच. हातमोजे आणायला म्हणून किनाऱ्यावर उतरला आणि आला नाही. कप्तानानं एक भरती वाट पाहिली. बर्फ आणि पाणी यांच्यामध्ये तिथं पाय घसरला तर काही उरत नाही, असं काही जण म्हणाले. काही जण काहीच म्हणाले नाहीत, नुसते पिलारेकडे, त्याच्या बायकोकडे बघून ग्लासात बघायला लागले, कारण त्या बंदरात बायकाही आहेत आणि आपल्या गावच्यासारखी घरंही. आईनं मात्र लुशियाचं ते एकच वाक्य धरून ठेवलं. आपला घास मागं ठेवून गेलेला माणूस परत येतो, म्हणाली. तो खायला येतो.

मी धक्क्याच्या बाजूला चालत गेले होते, कळलंच नाही मला. समोर पाणी करडं, आभाळ करडं, मधली रेघ कुणी पुसून टाकलेली. पुढं एक म्हातारा चालला होता, खांदे जरा वर उचलून, जसे थंडीत बालेरेचे असायचे. माझी पावलं आपोआप भरभर पडायला लागली. तो वळला तर नाक वेगळंच. मग टोपीवाला एक. मग बाकावर पाठमोरा एक. इतकी वर्षं मी या गल्ल्यांमधून जाते, म्हातारी माणसं म्हणजे मला नमस्कार करण्याची जागा, आणि आज प्रत्येक पाठ हे एक बंद दार झालं होतं. बालेरे आता केवढा असेल, हे मी कधी मनात आणलंच नव्हतं. माझ्या मनात त्याच्या मानेवर उन्हानं भाजलेली तांबूस कातडी होती, पंचविशीतली. मी त्याच्यापेक्षा म्हातारी झाले होते आणि रोज त्याला घास भरवत होते, लहान भावासारखा.

खिशात हात घातला की ती काडी बोटांना टोचायची. मोडलेली, तरी एका धाग्यावर धरून राहिलेली. लहान असताना जेवणं झाली की तो ताटात अशी घरं बांधायचा माझ्यासाठी. म्हणायचा, धाकटे, हे तुझं, हे आईचं, हे पाद्र्याचं. मी विचारायची, तुझं कुठाय? तर म्हणायचा, मला घर कशाला, मला बोट. आणि एक काडी सरळ ठेवायचा.

आजच का, हेच मला समजत नव्हतं. आज मृतांचा दिवस. आज संध्याकाळच्या मिस्साला आमच्या चर्चमध्ये गेलेल्यांची नावं वाचतात, आणि घराघरातल्या बायका आपापल्या मेणाच्या फळ्या पेटवतात. आमचीही फळी आहे, आईनं माहेराहून, आमेस्केताहून आणलेली. लहानशी, माणसाच्या आकाराची लाकडी फळी, तिच्याभोवती पिवळ्या मेणाची बारीक वात गुंडाळलेली. जळेल तशी उलगडत जायची. ती घरातल्या मेलेल्यांची. हक्कानं ती सुनेकडे जायला हवी होती. पण आईनं मरताना पिलारेला न देता माझ्या हातात ठेवली, कारण आईला भीती होती. मला म्हणाली, हा उजेड मेलेल्यांचा आहे, बिशेन्ता. जित्या माणसाच्या नावानं लावलास तर तूच त्याला मारलंस. आणि आणखी एक सांगितलं, जे सगळ्याच आया सांगतात, की लावल्यावर दाराकडे बघायचं नाही. ते आत येत असतात.

तेव्हापासून बालेरेचं नाव कधी वाचलं गेलं नाही. पिलारे माझ्या शेजारी बसते, बाबांसाठी, आईसाठी लावते मी, ती हात जोडते. ती साधे रंग घालते, पण काळा नाही. काळा घालायचा तिला हक्क नाही. आम्ही दोघी एकाच घरात राहतो, नणंद-भावजय, एकाच भांड्यातलं सूप खातो, आणि एका माणसाबद्दल बोलत नाही.

काल रात्री बोललो. तिच्या छातीत पाणी होतंय, डॉक्टर तिला काही सांगत नाही, म्हणजे सगळं सांगितल्यासारखंच आहे. उशीला टेकून बसली होती. मी वाटी पुढं केली तर म्हणाली, ठेव जरा. मग जे बोलली ते असं बोलली की जणू बाजारातून काय आणायचं ते सांगतेय.

"उद्या त्याचं नाव दे फादरना."

मी म्हटलं, आईनं शब्द घेतलाय माझ्याकडून.

"तुझी आई मेली, बाई. मी अजून आहे." मग थोडा वेळ दम खात राहिली. "मला काय म्हणून पुरशील? नवऱ्यानं टाकलेली म्हणून? वाट बघणारी म्हणून? मला विधवा म्हणून पूर. तेवढं तरी दे मला तुमच्या घरानं."

मी तिची चादर सारखी करत राहिले. मी अडले की तिला कळतं, आणि ती दया करून थट्टा करते. म्हणाली, "आणि तू काय गं, रोज त्याला बारमधलं खायला घालतेस. माझ्या हातचं सूप कधी ठेवलं होतंस त्याच्यापुढं? म्हणून येत नसेल." मी हसले. ती पण हसली, आणि त्या हसण्यानं तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत मी तिची पाठ धरून होते. बरगड्या हाताला लागत होत्या. मी देते म्हटलं. उद्या दुपारनंतर फादर उर्बानोंना सांगते, नाव वाचा.

शब्द दिला आणि रात्रभर आईशी भांडले. सकाळी मिस्साला गेले, आणि मला वाटलं, आज शेवटचा घास ठेवावा त्याच्यापुढं आणि मग जावं. डोळे मिटले. आणि त्यानं खाल्ला.

धक्क्यावर उभी राहून मी तेच फिरवून फिरवून बघत होते. तो जिवंत असेल आणि आज आला असेल, तर संध्याकाळी मी त्याला मारणार होते. तो मेलेला असेल आणि आज आला असेल, तर तो निरोप घ्यायला आला होता आणि मला लावायला सांगत होता. खाणं एकच, आणि त्याची दोन तोंडं. देवाची खूण अशी का असावी की ती वाचायलाही आपल्याला आणखी एक खूण लागावी? मी जपमाळ घ्यायला खिशात हात घातला. काडी होती. माळ नव्हती.

काउंटरवर राहिली असणार. परत जाणं भाग होतं.

बारमध्ये आता गर्दी ओसरली होती, जमिनीवर चुरगळलेले कागदी रुमाल आणि कोळंबीची टरफलं, आणि पान्चिका माळ हातात धरून माझीच वाट बघत होती. तिच्यासमोर एक बाई उभी होती, मध्यमवयीन, केसांवर पावसाचे थेंब, तोंड कानकोंडं झालेलं. मला बघताच पान्चिका म्हणाली, आली बघ धनीण, आता हिलाच विचार.

ती गार्बिन्ये होती, मार्त्सेलिनोची मुलगी. मार्त्सेलिनो, बालेरेच्या कंपूतला राहिलेला शेवटचा. तो आता लेकीजवळ इरुनला असतो आणि त्याच्या डोक्यातलं सगळं ओल्या कागदावरच्या शाईसारखं पसरलंय, हे मी ऐकून होते. आज मृतांचा दिवस म्हणून तिनं त्याला बायकोच्या थडग्यावर नेण्यासाठी आणलं होतं, आणि वाटेत तो हट्टानं इथं शिरला. ती संडासात गेली तेवढ्या वेळात त्यानं काउंटरवरून एक उचलून खाल्लं. आमच्याकडे सगळे तसंच खातात, समोर मांडलेलं असतं, हात पोचेल ते उचलायचं, आणि निघताना आपल्या तोंडानं सांगायचं काय खाल्लं ते. कुणी बघत नाही. सांगणं हेच सगळं. बाहेर गेल्यावर म्हातारा मध्येच थांबला आणि म्हणाला, पोरी, मी एक हिल्दा खाल्ली आणि सांगितलं नाही. भुरभुर पावसात उभा राहिला, पुढं पाऊल टाकेना. म्हणून ती त्याला चौकातल्या कमानीखाली बाकावर बसवून सांगायला परत आली होती.

"मी म्हटलं हिला, ती माझी नव्हे, बिशेन्ताची," पान्चिका म्हणाली. "माझ्याकडे सांगून काय उपयोग."

गार्बिन्ये माझी माफी मागायला लागली. तिला ती बशी कुणाची ते माहीत नव्हतं, वडिलांना तर आजचा वारही माहीत नसतो. मी पान्चिकाच्या हातातली माळ घेतली. म्हणजे माणूसच होता. हाडामांसाचा, आपल्यातला, चुकलेला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही क्षणभर. पण मग काहीतरी आत बसून राहिलं, दाराशी बसलेल्या मांजरासारखं. काडी? काडी कशी मोडली त्यानं? मी गार्बिन्येला म्हटलं, मला भेटू दे त्यांना.

कमानीखाली तो बसला होता, टोपी गुडघ्यावर, दोन्ही हात टोपीवर. केवढा धिप्पाड होता हा, नाच करताना चौकातले दगड हलायचे. आता कोटात कुणीतरी त्याला ठेवून दिल्यासारखा दिसत होता. मी शेजारी बसले. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं, ज्या लोकांना कुणीच ओळखू येत नाही ते ओळखतात तसं, मधली सगळी वर्षं बाजूला सारून.

"तू बालेरेची धाकटी. दाराआडून ऐकायचीस आमचं."

"हो."

"मी सांगितलं नाही," तो म्हणाला. "खाल्लं आणि सांगितलं नाही. माझ्या लक्षात नाही आलं."

मी म्हटलं, असू दे, ती बालेरेची होती.

"मग तेच तर. त्यानंच दिली मला." त्यानं आजूबाजूला पाहिलं, आणि आवाज खाली आणला, जसा लोक बारमध्ये कान असतात म्हणून आणतात. "बशी माझ्याकडे सरकवली. म्हणाला, माझी तू खा. मी काही परत यायचा नाही. पिलारेला कळू देऊ नको, रडेल." त्याचा खालचा ओठ हलत राहिला. "मला राग आला. नाही खाल्ली. म्हटलं राहू दे तशीच, सडू दे. मित्र असतात का असे?"

पाऊस कमानीच्या कडेनं सुतासारखा पडत होता. पलीकडे कुणीतरी शेंगदाणे भाजत होतं.

"आणि आज?" मी विचारलं.

"आज खाल्ली." त्यानं खांदे उडवले. "किती दिवस पडू द्यायची."

गार्बिन्ये हळूच माझ्या कोपराला धरून मला बाजूला घेत म्हणाली, मनावर घेऊ नका हं, मावशी. काल म्हणत होते, माझ्या आजीबरोबर जेवलो. आजी तर मी जन्मायच्या आधी गेली. काडीचं विचारल्यावर हसली. ते तर बाबा नेहमी करतात, आमच्या घरी कचऱ्यात सगळी छपरंच असतात, आता नातवंडंही करतात. कुणी शिकवलं ते माहीत नाही.

मी त्यांना बसथांब्यावर पोचवलं आणि चर्चच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. दिवे अजून लावले नव्हते. मी देवाशी बोलायचा प्रयत्न केला, आणि नेहमी जे शब्द स्वतःहून येतात ते आले नाहीत. लुशियानं बघितलं होतं ते खरंच होतं, घास बशीत राहिला होता. पण तो ठेवून गेलेला नव्हता. देऊन टाकलेला होता. आणि माझी आई, आणि मी, आणि लुशिया, आणि पान्चिका, इतक्या बायका मिळून एका माणसानं देऊन टाकलेला वाटा रोज ताजा करून त्याच्यापुढं मांडत होतो. किंवा नाही. किंवा एका म्हाताऱ्याच्या विरघळलेल्या डोक्यात दोन दिवस एकमेकांत मिसळले होते आणि बालेरे बिचारा हातमोजे घ्यायला गेला होता, आणि बर्फानं त्याला धरलं. मला आता कुणी सांगू शकत नव्हतं. ज्याला सांगता आलं असतं तो बाकावर बसून इरुनच्या बसची वाट बघत होता.

एवढंच समजलं होतं की दोन्हींपैकी काहीही खरं असलं तरी पिलारे घरी बसून काळा रुमाल इस्त्री करत होती.

फादर उर्बानो आले तेव्हा मी उठले आणि नाव सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, इतकी वर्षं ते मला ओळखतात, आणि विचारलं, खात्री आहे ना, बिशेन्ता? मी म्हटलं, पिलारेला हवंय. त्यांनी यादीत नाव लिहून घेतलं.

संध्याकाळी चर्च भरलं. मेणाचा वास, ओल्या लोकरीचा वास, बायकांच्या कुजबुजीचा वाफेसारखा आवाज. पिलारे माझ्या हाताला धरून आली, पायऱ्यांवर दोनदा थांबून. काळ्या रुमालात तिचा चेहरा मला तरुण दिसला, लग्नात दिसला होता तसा, जपलेला आणि थोडा घाबरलेला. आम्ही फळीसमोर गुडघे टेकले. आईनं बाबांसाठी जाळलेली वात जिथं थांबली होती तिथून पुढं मी आईसाठी जाळली होती, आणि पुढचं टोक जुन्या मेणात रुतून बसलं होतं. नखानं निघेना. माझ्या खिशात तेवढी एकच टोकदार वस्तू होती. ती काढली, मेणात खुपसली, उकरलं. टोक वर आलं, आणि काडी तिथंच तुटली. अर्धी माझ्या बोटात राहिली, अर्धी मेणात.

नाव वाचलं गेलं. आमच्या गल्लीतल्या लोकांनी मागं वळून बघितलं नाही, हे त्यांचं सौजन्य. मी उजेड लावला. वात आधी धुमसली, काळी पडली, पेटणारच नाही असं वाटलं. मग पेटली, छोटीशी, निळसर.

पिलारे तिच्याकडे बघत होती. मग मान न वळवता तिनं हळू विचारलं, "आज ठेवला होतास त्याचा घास?"

"ठेवला होता."

"मग?"

मी खोटं बोलत नाही, हा माझा एक नेम आहे, आणि तो मी आजवर मोडलेला नाही.

"खाल्ला," मी म्हटलं.

तिनं डोळे मिटले. तिच्या छातीतून श्वास असा बाहेर आला की जणू तो इतकी वर्षं आतच होता. "भूक लागली असेल गं त्याला," ती म्हणाली. "एवढ्या लांबून आला." आणि तिनं आपलं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं, त्याला काही वजनच नव्हतं.

मी तिचा हात धरून ठेवला. ज्योत आता सरळ उभी राहिली होती आणि तिच्या उजेडात मेणात अडकलेली ती अर्धी काडी दिसत होती. थोड्या वेळानं ज्योत वाकली, आमच्याकडे, आतल्या बाजूला. पाठीला गार वारा लागला. लावल्यावर बघायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. मी बघितलं.

दार जरासं उघडं होतं, माणूस आत शिरू शकेल एवढं, आणि ते लावायला कुणीच उठत नव्हतं.